अवकाशक्षेत्र सरकारी हवे की खासगी? उपग्रह-प्रतिमांवर काम करणाऱ्याचे उत्तर

पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, अवकाशक्षेत्राचा विकास सरकारी संस्थांनी केल्यास समाजाचे अधिक भले होते की खासगी कंपन्यांनी केल्यास. आणि भारताने २०२० मध्ये हे क्षेत्र खासगी उद्योगाला खुले केले ते योग्य झाले का. प्रश्नाच्या अखेरीस तिने स्वतःपुरताही एक प्रश्न जोडला आहे. त्याकडे शेवटी येतो.

माझी जवळजवळ तीस वर्षे उपग्रह-प्रतिमांवर काम करण्यात गेली. रॉकेट बांधण्याचा मला अनुभव नाही. माझे काम भूजलाचे: प्रतिमेवरून बेसाल्ट खडकातल्या भेगा, डाइक (भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती) आणि नाल्याकाठची गाळाची जमीन हुडकायची, विहीर किंवा विंधनविहीर कोठे घेतल्यास पाणी लागण्याची शक्यता अधिक आहे याचा नकाशा करायचा, आणि मग गावात जाऊन तो खरा ठरतो की नाही हे पाहायचे. या प्रश्नाकडे मी शेताच्या बांधावरून पाहतो, आणि तेथून तो प्रक्षेपणतळावरून दिसतो त्याहून बराच वेगळा दिसतो.

माझे मत आधीच सांगतो. रॉकेट आणि उपग्रह बांधण्याचे व ते वर नेण्याचे काम खासगी उद्योगाने स्पर्धेत, ठरलेल्या किमतीला केले तर समाजाचा पैसा वाचतो, असे गेल्या वीस वर्षांचा अनुभव सांगतो. मात्र हे उपग्रह पृथ्वीची जी नोंद घेतात ती सर्वांना खुली नसेल, तर समाजाला होणारा बहुतेक लाभ वाटेतच आटतो, हेही अनुभवच सांगतो. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि सार्वजनिक चर्चेत तिचा उल्लेखही क्वचितच होतो. रॉकेट उडताना दिसते, त्याची छायाचित्रे छापून येतात; प्रतिमांचा संग्रह कोणाच्या ताब्यात आहे हे कोणालाच दिसत नाही.

ही नोंद खासगी कंपनीच्या हाती देण्याचा प्रयोग एकदा प्रत्यक्ष होऊन गेलेला आहे, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहितो. अमेरिकेने जुलै १९७२ मध्ये लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. जमीन, पिके, जंगल आणि पाणी यांची सातत्याने नोंद घेण्यासाठीच सोडलेला तो पहिला नागरी उपग्रह होता. पुढे तेथील सरकारला वाटले की या प्रतिमांना बाजारपेठ आहे, तेव्हा त्यांचा भार करदात्यांवर कशाला. १९८४ मध्ये तसा कायदा झाला, आणि आरसीए व ह्यूज या दोन कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या इओसॅट नावाच्या कंपनीकडे उपग्रहांचे परिचालन आणि प्रतिमांची विक्री सोपवण्यात आली. एका दृश्याची, म्हणजे एका भूभागाच्या एका वेळच्या प्रतिमेची, किंमत काही शे डॉलरवरून चार हजार डॉलरांच्या वर गेली. तेलकंपन्यांना आणि मोठ्या खाणउद्योगांना ती परवडत होती. विद्यापीठे, लहान संस्था आणि गरीब देशांची सरकारे यांनी वापर कमी केला किंवा थांबवला. १९८९ मध्ये तर परिचालनाला पैसा उरला नाही म्हणून चालू स्थितीतील दोन्ही उपग्रह बंद करण्याचा आदेश निघाला होता, आणि ऐनवेळी तातडीचा निधी मिळाल्यामुळे ते वाचले. त्यांतील लँडसॅट ५ हा तीन वर्षांच्या आयुष्यासाठी बांधलेला उपग्रह पुढे जवळजवळ २९ वर्षे चालला. तो १९८९ मध्ये बंद पडला असता तर पृथ्वीवरील जंगलांच्या आणि हिमनद्यांच्या नोंदीत केवढा खड्डा पडला असता, याची कल्पना या क्षेत्रातील कोणालाही करता येईल.

किंमत वाढली एवढ्यानेच नुकसान झाले असते तर ते पुढे भरून काढता आले असते. खरे नुकसान वेगळेच आहे. ज्या प्रदेशाच्या प्रतिमेला गिऱ्हाईक नाही त्या प्रदेशावरून उपग्रह गेला तरी प्रतिमा घेण्याचे कंपनीला कारण नव्हते, आणि त्यामुळे त्या काळात जगातील अनेक भागांच्या प्रतिमा घेतल्याच गेल्या नाहीत. व्यापाराच्या दृष्टीने यात काही चूक नाही. विकला न जाणारा माल कोण बनवील? परंतु १९८७ च्या एप्रिलमध्ये एखाद्या खोऱ्यात किती हिरवळ होती हे २०२० मध्ये कितीही पैसे दिले तरी पाहता येत नाही. त्या दिवशी नोंद घेतली गेली नसेल तर ती कायमची गेली. भारताच्या वाट्याला हे तितकेसे आले नाही, कारण हैदराबादजवळ शादनगर येथे उपग्रहाचे संकेत ग्रहण करणारे आपले स्वतःचे केंद्र होते आणि लँडसॅटचे संकेत तेथे थेट उतरवले जात होते; शिवाय मार्च १९८८ मध्ये आपला स्वतःचा पृथ्वी-निरीक्षण उपग्रह आयआरएस-१ए कक्षेत गेला. म्हणजे आपल्याकडची नोंद एका सार्वजनिक निर्णयामुळे शाबूत राहिली.

अमेरिकेने १९९२ मध्ये नवा कायदा करून लँडसॅट पुन्हा सरकारकडे आणला. १९९९ च्या लँडसॅट ७ पासून दृश्याची किंमत ६०० डॉलरवर आली, आणि २००८ च्या अखेरीस साराच संग्रह विनामूल्य खुला करण्यात आला. पैसे घेऊन प्रतिमा देण्याच्या काळातील सर्वांत चांगल्या वर्षी सुमारे २५ हजार दृश्ये विकली गेली होती. खुले केल्यावर पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक दृश्ये लोकांनी उतरवून घेतली. मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये साऱ्या जगातील वनक्षेत्राच्या बदलाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यासाठी लँडसॅट ७ ची साडेसहा लाखांहून अधिक दृश्ये वापरली गेली. जुन्या ६०० डॉलरच्या दराने हिशेब केला तर नुसत्या प्रतिमांचेच ३९ कोटी डॉलर झाले असते. कोणतेही विद्यापीठ एवढा खर्च करू शकले नसते, आणि तो नकाशा झाला नसता. आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हा संग्रह खुला झाल्यावर त्यावर गूगलने आणि इतर अनेक लहानमोठ्या कंपन्यांनी आपापल्या सेवा उभ्या केल्या. खासगी उद्योगाला प्रतिमा विकण्याच्या मक्तेदारीने जे साधले नाही, ते खुल्या सार्वजनिक नोंदीने साधले.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, मग सरकारीच चांगले. येथे मला थांबून एक भेद स्पष्ट करावा लागेल, कारण आमच्या पिढीने तो अंगावर झेलला आहे. सरकारी असणे आणि सार्वजनिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही ज्या कार्यालयात काम करत होतो तेथे एका तालुक्यासाठी प्रतिमा मागवायची म्हणजे आधी अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग मागणीपत्र आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहणे. भूजलाच्या अभ्यासाला किमान दोन वेळच्या प्रतिमा लागतात: पावसाळ्यानंतर डिसेंबरच्या सुमारास एक आणि ऐन उन्हाळ्यात एप्रिलअखेर एक. एप्रिलमध्ये आजूबाजूचे सारे रान करपलेले असताना जर एखादी हिरवी रेघ तिरकी जाताना दिसली, तर तिच्याखाली बहुधा पाणी धरणारी भेग असते. आमच्याकडे पैसा एकाच दृश्यापुरता होता. डिसेंबरची घ्यायची की एप्रिलची यावर आमची सबंध दुपार खर्ची पडली होती, आणि शेवटी आम्ही एप्रिलची घेतली. उपग्रह आपल्याच देशाचा, त्याचा खर्च आपल्याच करांतून झालेला, उपग्रहाने दोन्ही प्रतिमा घेऊन ठेवलेल्या, आणि ज्या गावांसाठी त्या हव्या होत्या ती टँकरची वाट पाहणारी. तरीही त्या दोन प्रतिमा एका टेबलावर येऊ शकल्या नाहीत. त्यातच सर्वेक्षण विभागाच्या अनेक नकाशांवर निर्बंध होते, त्यामुळे प्रतिमा ज्यावर बसवायची तो पाया मिळवण्यासाठीही परवानगी लागत असे. शासनाची मालकी होती, पण जनतेला प्रवेश नव्हता.

ती परिस्थिती हळूहळू पालटली आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. २००९ मध्ये इस्रोचे भुवन संकेतस्थळ आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरील बरेचसे निर्बंध केंद्र सरकारने उठवले. २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने इस्रोच्या उपग्रहांनी घेतलेल्या, पाच मीटर किंवा त्याहून स्थूल तपशिलाच्या (म्हणजे ज्यांतील एक ठिपका जमिनीवरील पाच मीटर किंवा अधिक रुंदीचा असतो अशा) प्रतिमा विनामूल्य खुल्या ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. आज भूनिधी या संकेतस्थळावरून कोणीही विद्यार्थी आपल्या तालुक्याच्या प्रतिमा घेऊ शकतो. युरोपीय संघाचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून दहा मीटर तपशिलाच्या प्रतिमा जगाला फुकट देत आहेत, आणि जोडीने फिरताना ते दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात. आम्हाला एका दृश्यासाठी जी दुपार घालवावी लागली, तिची आजच्या मुलांना कल्पनाही येणार नाही, आणि ती येऊ नये हेच बरे.

आता रॉकेटकडे वळतो. हे माझे क्षेत्र नव्हे, पण येथील पुरावा इतका ठळक आहे की तो टाळता येणार नाही. स्पेस शटल निवृत्त झाल्यावर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला सामान कसे पोहोचवायचे, या विवंचनेतून नासाने २००६ मध्ये एक वेगळी पद्धत अवलंबली. पूर्वी कंपनीला जेवढा खर्च येईल तेवढा आणि वर नफा, असा करार असे. त्यात विलंब झाला तर कंपनीचे नुकसान होण्याऐवजी उत्पन्नच वाढत असे. नव्या पद्धतीत नासाने टप्पे आणि रक्कम आधीच ठरवली, टप्पा गाठला तरच पैसे द्यायचे असे ठरले, आणि उरलेला पैसा कंपनीने स्वतः घालावा अशी अट ठेवली. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीला या कार्यक्रमातून सुमारे ३९ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. तिचे ड्रॅगन यान मे २०१२ मध्ये स्थानकाला जोडले गेले. फाल्कन ९ हे रॉकेट जुन्या सरकारी पद्धतीने विकसित केले असते तर किती खर्च आला असता याचा हिशेब नासानेच २०११ मध्ये केला, आणि तो सुमारे ४०० कोटी डॉलर निघाला. कंपनीचा प्रत्यक्ष विकासखर्च त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता. डिसेंबर २०१५ मध्ये त्या रॉकेटचा पहिला टप्पा परत येऊन जमिनीवर उतरला आणि मार्च २०१७ मध्ये तसाच एक टप्पा पुन्हा उडाला.

याच्या शेजारी नासाचे एसएलएस हे महाकाय रॉकेट ठेवून पाहावे. ते जुन्या खर्चाधारित करारांवर उभे राहिले, आणि त्याच्या पहिल्या चार उड्डाणांपैकी प्रत्येकाला, वरचे ओरायन यान आणि तळावरील व्यवस्था धरून, सुमारे ४१० कोटी डॉलर पडतील, असा अंदाज नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये मांडला. पण ते बांधणाऱ्याही बोइंगसारख्या खासगी कंपन्याच आहेत. म्हणजे फरक सरकारी आणि खासगी असा नव्हताच. फरक कराराचा होता. २०१४ मध्ये अंतराळवीर नेण्यासाठी नासाने ठरलेल्या किमतीचे दोन करार केले, बोइंगशी ४२० कोटी डॉलरचा आणि स्पेसएक्सशी २६० कोटींचा. स्पेसएक्सने मे २०२० मध्ये माणसे नेली. बोइंगच्या स्टारलाइनरमधून जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर गेले, यानात बिघाड झाला, ते रिकामेच परत आणावे लागले आणि दोघे मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परतले. या अपयशात वाढलेल्या खर्चाचा मोठा भार करारामुळे बोइंगवर पडला, करदात्यावर नाही. शिवाय दोन पुरवठादार असल्यामुळे दोन माणसांना परत आणायला दुसरे यान हाताशी होते. सार्वजनिक पैसा शहाणपणाने खर्च करणे म्हणतात ते हे.

या यशोगाथेतील सार्वजनिक हिस्सा मात्र विसरता कामा नये. ड्रॅगनच्या उष्णतारोधक कवचाचे मूळ नासाच्या एम्स केंद्रात आहे. प्रक्षेपणतळ सरकारचे. आणि २००८ मध्ये तीन लागोपाठच्या अपयशांनी स्पेसएक्स बुडण्याच्या बेतात असताना, चौथे उड्डाण यशस्वी झाल्यावर काही आठवड्यांतच तिला तारणारे १६० कोटी डॉलरचे कंत्राट नासानेच दिले. सरकारने स्वतः रॉकेट बांधले नाही, पण पहिले, खात्रीचे आणि मोठे गिऱ्हाईक सरकारच झाले.

भारताच्या बाबतीत मला वाटणारी काळजी नेमकी येथेच आहे. आपल्याकडे उद्योग अवकाशकार्यक्रमात नव्याने आलेला नाही. पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटांना लागणारी ‘विकास’ नावाची इंजिने विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडली आहेत. रॉकेटच्या मोटारींची आवरणे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला आणि पवईला लार्सन अँड टुब्रोत तयार झाली आहेत. उसाच्या पट्ट्यातील, साखरकारखान्याची यंत्रे बनवणाऱ्या एका वसाहतीत चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटचे भाग वळले गेले, याचा आपल्याला जितका अभिमान वाटायला हवा तितका वाटत नाही. पण हे सारे कारखाने इस्रोने दिलेल्या आराखड्याप्रमाणे भाग पुरवत होते. आराखडा, जोडणी आणि जोखीम इस्रोची. २०२० नंतर यात बदल झाला. अहमदाबादला इन-स्पेस ही परवानगी देणारी संस्था उभी राहिली, स्कायरूट या खासगी कंपनीचे विक्रम-एस रॉकेट नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि अग्निकुल या दुसऱ्या कंपनीचे रॉकेट मे २०२४ मध्ये श्रीहरिकोटाहून उडाले; ही दोन्ही उपकक्षीय, म्हणजे कक्षेत न जाता खाली येणारी, चाचणी-उड्डाणे होती. पाच पीएसएलव्ही संपूर्ण बांधण्याचे ८६० कोटी रुपयांचे कंत्राट २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांना मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे दारही रुंद झाले.

ही दिशा मला योग्य वाटते. इस्रोच्या उत्तमोत्तम अभियंत्यांनी तेच ते पीएसएलव्ही वर्षानुवर्षे जोडत बसावे यात देशाचे हित नाही. त्यांनी चंद्रावरून नमुने आणावेत, शुक्राचा अभ्यास करावा, नवी इंजिने घडवावीत. परंतु दार उघडणे वेगळे आणि गिऱ्हाईक होणे वेगळे. कृषी, जलसंपदा, महसूल आणि आपत्ती व्यवस्थापन ही खाती जोवर पाच-पाच वर्षांचे खरेदीकरार करणार नाहीत, तोवर या तरुण कंपन्यांना परदेशी भांडवलदारांच्या आणि परदेशी ग्राहकांच्या गरजांप्रमाणेच उपग्रह बांधावे लागतील. मग आपल्या सोयाबीनसाठी आणि आपल्या कांद्यासाठी उपयोगी पडेल असा उपग्रह कोण बांधणार?

काही कामे अशी आहेत की त्यांना गिऱ्हाईक कधीच मिळणार नाही, आणि ती सरकारनेच केली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ओशनसॅटसारख्या उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या रंगावरून आणि पृष्ठभागाच्या तापमानावरून मासळी कोठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना हैदराबादची इन्कॉइस ही संस्था कोकण-गोव्यापासून बंगालपर्यंतच्या मच्छीमारांना विनामूल्य देते. हर्णैच्या बंदरातील नाखवा या सूचनेसाठी वर्गणी भरणार नाही, पण ती मिळाली तर त्याचे डिझेल वाचते. चक्रीवादळाचेही तसेच आहे. १९९९ मध्ये ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये तशाच ताकदीचे फायलिन त्याच किनाऱ्यावर आले तेव्हा मृतांचा आकडा काही दहांवर राहिला, कारण लाखो लोकांना आधीच हलवले होते. ते हलवण्याचे श्रेय प्रशासनाचे आहे, पण कोठून आणि केव्हा हलवायचे हे कळण्यात उपग्रहांचा वाटा मोठा होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हाही वादळाची वाट आधी कळली होती. वादळाचा इशारा पैसे भरणाऱ्यालाच मिळावा असे कोणी सुचवले तर ते आपल्याला अमानुष वाटेल. मग दुष्काळाचा इशारा विकत का मिळावा, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे. दुष्काळही माणसे उठवतोच, फक्त सावकाश.

शुद्ध विज्ञानाचे तर बोलायलाच नको. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा हातभार असलेला ॲस्ट्रोसॅट हा खगोलनिरीक्षण उपग्रह २०१५ मध्ये गेला. कृष्णविवरांच्या क्ष-किरणांना बाजारभाव नसतो.

मग पृथ्वीच्या निरीक्षणात खासगी कंपन्यांना जागाच नाही का? आहे, आणि मोठी आहे. प्लॅनेट या अमेरिकी कंपनीने लहान उपग्रहांचा थवा सोडून सुमारे तीन मीटर तपशिलाने पृथ्वीचा बहुतेक भूभाग रोज टिपून दाखवला. एवढ्या तत्परतेने हे कोणत्याही सरकारी संस्थेने केले नव्हते. या कंपनीच्या बाबतीत नॉर्वेच्या सरकारने २०२० मध्ये जे केले ते मला अनुकरणीय वाटते. त्याने उष्णकटिबंधीय जंगलांच्या या प्रतिमा सार्वजनिक पैशाने घेतल्या आणि जंगलाच्या रक्षणासाठी वापरू इच्छिणाऱ्या कोणालाही खुल्या केल्या. उपग्रह कंपनीचा, नफा कंपनीचा आणि नोंद मात्र सर्वांची.

आपल्याकडे असा प्रसंग आत्ताच आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये इन-स्पेसने बंगळूरच्या पिक्सेलच्या नेतृत्वाखालील भारतीय कंपन्यांच्या गटाची निवड केली. हा गट १,२०० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक करून पृथ्वी-निरीक्षणाचे १२ उपग्रह बांधणार आहे आणि त्यांची मालकी व परिचालन त्याच्याकडेच राहणार आहे. ही क्षमता आपल्या देशात उभी राहत आहे याचा मला मनापासून आनंद आहे. मला कोणी विचारले असते तर मी करारात दोन कलमे घालण्याचा आग्रह धरला असता. पहिले, गिऱ्हाईक असो वा नसो, देशाच्या प्रत्येक तालुक्याची वर्षातून किमान ठरावीक वेळा प्रतिमा घेतलीच पाहिजे. यात एप्रिलअखेरची एक हवीच. दुसरे, ठरावीक काळानंतर, समजा तीन वर्षांनी, सर्व प्रतिमा राष्ट्रीय संग्रहात जमा होऊन खुल्या झाल्या पाहिजेत. पीक विमा कंपनीला किंवा व्यापाऱ्याला ताजी प्रतिमा हवी असते आणि तिचीच किंमत येते; तीन वर्षांपूर्वीची प्रतिमा कोणी विकत घेत नाही, पण भूजलाचा, जंगलाचा आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्याला तीच लागते. कंपनीचे यात फारसे जात नाही. इओसॅटच्या काळात ही दोन कलमे कोणाला सुचली असती, तर जगाच्या नोंदीतील ते खड्डे पडले नसते.

कक्षा ही स्वतःच सामायिक मालमत्ता आहे, गावच्या गायरानासारखी, आणि येथे सरकारे व कंपन्या दोघांचेही वर्तन निर्दोष नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियम या खासगी कंपनीचा चालू उपग्रह रशियाच्या बंद पडलेल्या लष्करी उपग्रहावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर आदळला आणि हजारो तुकडे कक्षेत पसरले. त्याआधी २००७ मध्ये चीनने स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून त्याहून अधिक तुकडे केले होते. २०१९ पासून स्पेसएक्सच्या स्टारलिंक या इंटरनेट-सेवेचे हजारो उपग्रह वर गेले आहेत. दुर्गम भागाला त्यांचा लाभ होतो हे खरे, पण २०२३ मध्ये युरोपातील लोफार या रेडिओ दुर्बिणीला या उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अनाहूत संकेत पाझरताना आढळले, आणि पुणे जिल्ह्यातील खोडदची आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण अशाच कमी वारंवारतांवर ऐकते. दुर्बिणीभोवतीच्या गावांत उपकरणांवर मर्यादा घालता येतात. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहावर त्यांचा अंमल चालत नाही. १९६७ च्या अवकाश कराराप्रमाणे खासगी कंपनीच्या अवकाशातील कृत्यांची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या देशावर येते. म्हणजे भारतीय कंपनीच्या उपग्रहाने उद्या दुसऱ्याचे नुकसान केले तर जाब भारत सरकारला, पर्यायाने आपल्याला, विचारला जाईल. त्यासाठी विमा, दायित्वाची मर्यादा आणि निवृत्त उपग्रह खाली आणण्याचे बंधन घालणारा कायदा हवा. त्याचा मसुदा २०१७ मध्ये जाहीर झाला होता. धोरण आले, पण कायदा अजून आलेला नाही. कंपन्यांची संख्या वाढण्याआधी तो यायला हवा.

विद्यार्थिनीने शेवटी विचारले होते की, तिने इस्रोच्या परीक्षेची तयारी करावी की एखाद्या नव्या कंपनीत जावे. दोन्हीकडे चांगले काम आहे आणि दोन्हीकडे चांगली माणसे आहेत. ३० जुलै २०२५ रोजी नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह श्रीहरिकोटाहून गेला. त्याचे रडार ढगांतून आणि झाडोऱ्यातून पाहते, दर बारा दिवसांनी त्याच जागी येते, जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी ती हालचाल टिपू शकते, आणि त्याची माहिती सर्वांना खुली आहे. त्या दिवशी मला २०१४ ची ३० जुलै आठवली. त्या सकाळी आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर दरड कोसळली होती आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. प्रत्येक दरड आधी सांगता येईल असे मी म्हणणार नाही, पावसाने एका रात्रीत सुटणारा उतार रडारलाही चकवू शकतो. पण सह्याद्रीतील जे उतार वर्षानुवर्षे सावकाश सरकत आहेत त्यांची यादी आता करता येईल, आणि ती करायला सरकारी नोकरी लागत नाही, परवानगी लागत नाही, फक्त ते काम शिकलेली माणसे लागतात. तिने हे रडारचे तंत्र शिकावे. ते दोन्हीकडे उपयोगी पडेल. आणि कंपनीत मुलाखतीला गेली तर पगाराबरोबर एवढेही जरूर विचारावे की, आज घेतलेली प्रतिमा पाच वर्षांनी कोठे असेल आणि ती कोणाला पाहता येईल.